बारा वासांची तपासणी

माझ्या नाकाचं नाव ऐकलं नसेल तर तुम्ही गडहिंग्लजचे नव्हे, एवढं मी लिहून देते. चाळीस वर्षं मी मिरची-कांडप चालवलं. उन्हाळा लागला की सकाळी उजाडायच्या आत बायका पाट्या, डबे, पोती घेऊन दारात हजर. कुणाची संकेश्वरी मिरची, कुणाची ब्याडगी, कुणाची दोन्ही निम्मी-निम्मी. प्रत्येक घराची वर्षाची चटणी, म्हणजे मसाला घातलेलं तिखट, वेगळी, आणि प्रत्येकीला वाटायचं आपलीच खरी. मी डब्याचं झाकण नुसतं किलकिलं करायची आणि सांगायची, "शेवंता, खोबरं जास्त भाजलंस बघ," नाहीतर, "अगं बया, दगडफूल विसरलीस. पळ घरी." बायका तोंडात बोटं घालायच्या. लोक मला शालन चौगुले म्हणून कमी आणि नाकवाली म्हणून जास्त ओळखायचे.

गुडघे कुरकुरायला लागले तसं कांडप बंद केलं. मालक आधीच गेले होते, लेक हुबळीला नांदते. पण बंद केलं तरी उन्हाळ्यात बायका चटणीचा डबा घेऊन यायच्याच. "काकू, जरा वास घेऊन सांगा की." मी सांगायची. मला मोठं बरं वाटायचं त्यात, खोटं कशाला बोलू?

साठी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा वासतपासणी करायची, हा नियम आला त्याला आता पाच वर्षं झाली. रक्त, साखर, डोळे, हाडं हे सगळं आधीपासून होतंच, त्यात ही भर. आरोग्य केंद्रातली मनाली पहिल्या वर्षी मशीन घेऊन आली तेव्हा मी तिला हसले होते. म्हटलं, माझं नाक तपासायला सरकारनं माणूस धाडला म्हणायचा!

मनाली पोरगी गोड. तिनं मांडी घालून समजावून सांगितलं. "काकू, वासाच्या नसा म्हणजे मेंदूनं नाकात सोडलेले धागेच. बघितलेलं, ऐकलेलं दहा ठिकाणी फिरून आठवणीत जातं. वास मात्र जवळजवळ थेट जातो. म्हणून विसरायचा आजार किंवा हातपाय थरथरायचा आजार व्हायच्या आठ-दहा वर्षं आधीच नाक मंदावायला लागतं. तेवढ्यात सापडलं तर औषध लागू पडतं. उशीर झाला तर नाही."

आधी ह्या मशीनमध्ये सगळीकडे एकच वास असायचे. परदेशी साबण, कसली कसली फुलं. आमच्या तालुक्यात ती फुलं कुणाच्या बापानं बघितली होती? अर्धा तालुका नापास झाला आणि वर बोंबाबोंब झाली. मग सुधारणा केली की ज्याला-त्याला त्याच्याच आयुष्यातले बारा वास द्यायचे. मनालीकडे पेनासारखं एक यंत्र आहे. ते डब्याच्या तोंडाशी धरलं की वासातले कण मोजून घेतं. मग जेवणाच्या डब्याएवढ्या मशीनमधल्या चारशे बारीक कुप्यांतून थेंब थेंब मिसळून तोच वास तुमच्या नाकाशी सोडतं. आधी अगदी पुसट, मग वाढत वाढत. वास आला की बटण दाबायचं आणि कशाचा ते सांगायचं. नाक चालतंय का आणि आठवण चालतीय का, दोन्ही एका दमात कळतं.

निकाल तीन रंगांचा. हिरवा, पिवळा, लाल. लाल नाव आलं की त्या माणसाला एकट्यानं राहता येत नाही. घरात हिरव्या नावाचं कुणीतरी सोबत राहायला पाहिजे, नाहीतर मुलाबाळांनी घेऊन जायचं.

माझे बारा वास मी स्वतः निवडले. मिरचीची पूड, मोहरीची फोडणी, चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, कापूर, तंबाखू, लवंग, डोक्याला लावायचा बाम, असले. आयुष्यच तसलं गेलेलं. दर वर्षी बाराच्या बारा बरोबर, हिरवंगार नाव. मनाली म्हणायची, "काकू, तुमचं नाक म्हणजे नाक आहे."

आता आक्कांचं सांगते. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, रत्नाबाई. एकाच घराच्या मधोमध भिंत घालून अर्ध्यात त्या, अर्ध्यात मी. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतात आणि माझं भांडं पडलं तर त्यांना. पण अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, गेल्या तेव्हा तेराव्याच्या जेवणाला पंगतीत कुणीतरी म्हणालं, आता आत्याबाईंची चटणी कुठली खायला मिळायची. मी पटकन बोलून गेले, "माझ्या हातची मिळेल. आक्कांना काय ती कधी जमली नाही." पन्नास माणसं पंगतीत होती. आक्का वाढत होत्या. त्यांनी भाजीचं पातेलं तिथंच ठेवलं आणि आत गेल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद. मीही गेले नाही. माझी जीभ मिरचीपेक्षा तिखट आणि मान त्याहून ताठ.

ज्याचे-त्याचे वास द्यायला लागले त्या पहिल्या वर्षी आक्का पुण्याला होत्या, मुलाकडे, संग्रामकडे, नातवाच्या बारशाला. सरकारी नोंदीत आमचं घर अजून एकच. म्हणून मनालीनं आक्कांच्या बारा वासांतले घरचे चार नमुने माझ्याच स्वयंपाकघरातून घेतले. चटणी, तूप, शेंगदाण्याचं कूट आणि खोबरेल. तेव्हापासून दर वर्षी ताजे नमुने तिथूनच घ्यायचे असं ठरून गेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन्ही घरांत सगळं आत्याबाईंच्याच पद्धतीनं व्हायचं.

आणि ह्या मे महिन्यात एका गुरुवारी मनाली खाली मान घालून माझ्या दारात आली.

"काकू, आक्कांचं नाव लाल आलं. संग्रामदादा रविवारी न्यायला येतायत. कायमचं."

मी सुपातले धने निवडत होते. हात थांबले.

"कशात चुकल्या?"

"सांगायला नको खरं तर. पण तुम्ही घरच्या. ते चार वास. तीन वर्षं झाली, एकच उत्तर देतात. 'हे आमच्या घरचं नव्हे.' बाकीचे आठ बरोबर. पण घरचे वास सगळ्यांत खोल बसलेले असतात काकू. तेच ओळखता येईनात म्हणजे..."

तिनं वाक्य अर्धंच सोडलं. माझ्या मात्र डोक्यात आग पेटली. आमच्या घरचं नव्हे? म्हणजे अकरा वर्षांचा राग मशीनसमोर काढतात होय? माझी चटणी, माझं तूप ओळखून न ओळखल्यासारखं करायचं! आणि त्या हट्टापायी आता गाव सुटणार, घराला कुलूप लागणार. पुण्यात अकराव्या मजल्यावर ही बाई करणार काय? मागच्या खेपेला महिन्यात पळून आल्या होत्या, शेजारची दारं उघडीच नसतात म्हणून.

मनाली गेली आणि मी तशीच बसून राहिले. राग होता, पण रागाच्या खाली दुसरंच काही वर यायला लागलं. मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची. मला धड भाकरी येत नव्हती. आत्याबाई जमदग्नी. लोणी कढवायला बसवलं आणि पहिल्याच दिवशी मी तूप करपवलं. आक्कांनी ते पातेलं पदराखाली झाकून परसात नेलं, बेरी खरवडून म्हशीच्या आंबोणात मिसळली आणि आत्याबाईंना सांगितलं की मांजरानं लोणी खाल्लं. मग रोज दुपारी मला चुलीपुढे बसवायच्या. डोळे मिटायला लावायच्या. "बघायचं नाही शालन. हुंगायचं. आधी ताकाचा वास जातो, मग दुधाचा जातो, मग भाजल्यागत गोड येतो, त्या टायमाला विड्याचं पान टाकायचं." ज्या नाकावर मी चाळीस वर्षं मिरवले, ते नाक मला आक्कांनी दिलं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. आक्कांनीही नाही.

शुक्रवारी दुपारी मी उठले, चारही डबे टोपलीत घातले आणि आक्कांच्या दारात जाऊन उभी राहिले. अकरा वर्षांनी.

त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आक्का, हा काय पोरखेळ लावलाय?" मी सुरूच केलं. "'आमच्या घरचं आहे' म्हणायला तुमचं काय जातंय? माझ्यावरचा राग माझ्यावर काढा की! त्या मशीनपुढं हट्ट करून स्वतःचं नाव लाल करून घेतलंत. आता रविवारी गाव सुटेल, मग बसा पुण्यात खिडकीतनं खाली बघत!"

आक्का घडी करत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "हट्ट नव्हता गं."

"मग? तुम्हाला तूप ओळखू येईना झालं?"

"ओळखलं की. तूपच होतं. पण खवट."

"काय?"

"खवट होतं, शालन. चटणीतलं खोबरंबी खवट. कूट तर आंबूस झालेलं. मला मशीननं विचारलं, हे तुमच्या घरचं काय? आत्याबाईंच्या घरात असलं कधी कुणी पानात वाढलं का? मी खरं तेच सांगितलं."

"माझं? माझं तूप खवट?" मी टोपलीतला डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकापुढं धरला. "घ्या वास. घ्या आणि परत म्हणा!"

आक्कांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा बघून मला जे कळायचं ते कळलं. राग नव्हता त्यात. जिंकल्याचा आनंद तर नव्हताच. बाळाच्या अंगाला हात लावावा आणि ताप लागावा, तसं त्या माझ्याकडं बघत होत्या.

"शालन," त्या म्हणाल्या, "तुला खरंच येत नाही काय गं?"

मी डबा आपटून बंद केला.

"हे बघ," आक्का माझ्याजवळ आल्या, "मी रविवारी जाते. तू गप राहा. गावात तुझ्या नाकाचं नाव आहे, ते राहू दे. माझं काय, पुण्यात नातवंडं आहेत."

मी टोपली उचलून घरी आले. दार लावून घेतलं आणि एकेक डबा उघडला. तूप. काही नाही. खोबरेल. काही नाही. परसातल्या वेलीवरचा मोगरा ओंजळभर तोडून नाकाशी धरला, अक्षरशः नाकात कोंबला. पाकळ्यांचा गारवा लागला, दुसरं काही नाही. मग मिरचीच्या पुडीची बरणी उघडली. त्याबरोबर नाक हुळहुळलं, डोळ्यांत पाणी आलं आणि मला हायसं वाटलं. चला, नाक आहे! पण मी परत हुंगलं. झोंबत होतं, पण संकेश्वरीचा तो खमंग, थोडा गोडसर वास कुठं होता? तो माझ्या डोक्यात होता. नाकात नव्हता. किती वर्षं मी आठवणीवरच वास घेत होते, देवालाच ठाऊक.

मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. बायका डबा आणायच्या तेव्हा मी रंग बघून, बोटाला लागणारं तेल बघून ठोकून द्यायची. शेजारची पारू दोन वर्षं म्हणत होती, "काकू, चटणी वाटीभरच द्या, आता खाणं कमी झालंय." हुबळीची लेक चटणीचा डबा न्यायला विसरायची. सगळ्या गावाला माहीत होतं. नाकवालीला सांगणार कोण? मी जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. माझ्या तपासणीतल्या त्या झोंबणाऱ्या बारा वासांचा अर्थही तेव्हाच लागला.

गप राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. माझं नाव हिरवं होतं. आक्का स्वतः म्हणाल्या होत्या, गप राहा. शनिवार अख्खा मी तसाच काढला. शंभरदा उठले आणि शंभरदा बसले. नाव गेलं तर माझ्याकडं उरतं काय, हाच एक विचार. दुपारी भिंतीपलीकडून भांडी बांधल्याचा आवाज येत होता. एकेक भांडं कागदात गुंडाळताना आक्का मध्येच थांबायच्या. त्या थांबल्या की मीही श्वास धरून बसायची.

रविवारी सकाळी नऊला संग्रामची गाडी आली. बिनड्रायव्हरची, पांढरी. आमच्या बोळात ती मावेना, म्हणून तोंडाशीच थांबली. अख्खी आळी निरोपाला जमली. आक्का पारूच्या सुनेच्या गळ्यात पडून रडल्या, माझ्या दाराकडं बघितलंही नाही, आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी सुरू झाली तशी मी धावले. ह्या गुडघ्यांनी! आणि समोर आडवी उभी राहिले. गाडी बिचारी जागच्या जागी थांबली आणि बारीक आवाजात पीं पीं करायला लागली.

संग्राम खाली उतरला. "काकी, काय हे? लागेल की!"

"आक्का कुठं जायच्या नाहीत," मी म्हटलं. "त्यांचं नाक शाबूत आहे. माझं गेलंय."

संग्रामनं वळून गाडीतल्या आईकडं बघितलं.

"मला वास येत नाही," मी परत म्हटलं, मोठ्यानं, म्हणजे लांबच्या बायकांनाही ऐकू जावं. "माझं तूप खवट, माझी चटणी खवट. तेच नमुने मशीनमध्ये घातले आणि आक्कांनी खरं सांगितलं, हे घरचं नव्हे. आणि तुम्ही सगळ्याजणी! तीन वर्षं माझी खवट चटणी खाल्लीत, एकीला तरी तोंड होतं का गं?"

"काकू," पारू चाचरत म्हणाली, "आम्ही कोंबड्यांना घालत होतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच रडूही आलं.

मनालीला बोलावून घेतलं. आक्कांच्या पुढच्या सोप्यात मशीन मांडलं. मी म्हटलं, "ह्यातलं झोंबणारं तेवढं काढ आणि मग मला वास दे." तिनं बटणं फिरवली. एकेक करत बारा वास सोडले. मी नळीला नाक लावून बसले होते आणि समोर सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला एकही आला नाही.

मनालीचं तोंड उतरलं. "काकू, चूक आमची आहे. झोंबणं वेगळ्या नसेनं कळतं. चेहऱ्याला गार-गरम, दुखणं-खुपणं कळतं ना, त्या नसेनं. वासाची नस वेगळी. मिरची, कांदा, मोहरी, कापूर, बाम हे सगळं त्या दुसऱ्या नसेलाही लागतं. तुम्ही त्यावर ओळखत होता. तुमची यादी बघून मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"आता पुढं काय गं?"

"कोल्हापूरला मेंदूचा फोटो काढायचा. चाळीस वर्षांच्या मिरचीच्या धुळीनं नाक गेलं असेल तर एवढंच. पण मेंदूकडून सुरुवात असेल तर..." ती माझा हात धरून म्हणाली, "तर अजून औषधाची वेळ आहे. आणखी दोन वर्षं हिरव्या नावावर राहिला असता तर नसती."

मग तिनं आक्कांच्या स्वयंपाकघरातून नमुने घेतले. आक्कांनी डोळे मिटले. वास अगदी पुसट असतानाच त्या बटण दाबत होत्या. तूप. कूट. चटणी. खोबरेल. "हे आमच्या घरचं," प्रत्येक वेळी. संग्राम बाजूला तोंड करून चष्मा पुसत राहिला. "मला काय हौस होती का काकी, आईला न्यायची?" तो म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं.

मनालीनं माझं नाव लाल केलं. माझ्या डोळ्यांदेखत. मग विचारलं, "हुबळीच्या ताईंना फोन करू का? सोबतीला हिरव्या नावाचं माणूस लिहावं लागतं."

मी मुकाट्यानं मान डोलवली. लेकीचा संसार, तिची नोकरी, आणि मी जाऊन तिच्या गळ्यात. एवढ्यात आक्का उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "रत्ना चौगुले लिही. आणि शालन, तू ऊठ. आधी ते तूप फेकून देऊ."

माझं सगळं स्वयंपाकघर त्यांनी दुपारपर्यंत धुऊन काढलं. काय काय फेकलं विचारू नका. मी नुसती बसून होते. चार वाजता त्यांनी आपल्या घरातनं लोण्याचा गोळा आणला आणि माझ्याच गॅसवर पातेलं ठेवलं. मला समोर पाटावर बसवलं.

"ढवळ," म्हणाल्या.

"आक्का, मला काय कळणार?"

"मी आहे नव्हं. ढवळ तू."

लोणी विरघळलं, तडतडायला लागलं. मला फक्त आवाज ऐकू येत होता. मी मान वर करून विचारलं, "कसा येतोय?"

आक्कांनी डोळे मिटले. "ताकाचा गेला. आता दूध हाय. म्हशीचं, पावसाळ्यात नवं गवत खाल्ल्यावर येतं तसलं." थोडा वेळ गेला. "आता दूधबी चाललंय. गोड यायला लागलंय बघ, आत्याबाईंच्या चुलीपाशी यायचं तसं. शेण सारवल्याचा वास निराळा, पण हे तेच." त्यांनी विड्याचं पान माझ्या हातात दिलं. "पान टाक."

मी पान टाकलं. चर्र झालं. मला काहीसुद्धा आलं नाही, पण एकोणीस वर्षांची मी चुलीपुढं डोळे मिटून बसलेली मला दिसत होती. शेजारी आक्का. तेव्हा त्या पंचवीसच्या.

"थांब," आक्का म्हणाल्या. "थांब अजून. हं."

मी चिमटा हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. गडहिंग्लजची नाकवाली मी, जिनं सगळ्या तालुक्याला भाजणं-तळणं शिकवलं.

"उतरव," आक्का म्हणाल्या.

मी उतरवलं.